इंग्रजी प्रिपोझिशन्स: परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये अशोक स्तंभाजवळ जिना चढून गेलं की एक खोली आहे. तिथे मी बरीच वर्षं संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. मुलं-मुली निफाड, दिंडोरी, सिन्नर, त्र्यंबकहून येतात. कुणी तलाठी भरतीच्या मागे असतं, कुणी बँकेच्या, कुणी स्टाफ सिलेक्शनच्या, कुणी एमपीएससीच्या. परीक्षा वेगळ्या असल्या तरी वह्या तपासताना लाल खुणा एकाच जागी जास्त पडतात, प्रिपोझिशनवर. व्याकरणाचे नियम पाठ असलेली मुलंही इथे दोन-तीन गुण सोडून येतात. मेरिट लिस्टमध्ये दोन गुणांनी काय होतं, हे ज्याचं नाव वेटिंगला अडकलं त्याला विचारा. वर्गात वारंवार येणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत.

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती नुसती डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने म्हणा. हा विषय शेवटी कानात बसावा लागतो.

प्रिपोझिशनला मराठीत काय म्हणतात? शब्दयोगी अव्यय म्हणजेच प्रिपोझिशन ना?

अर्धं बरोबर. शाळेत प्रिपोझिशनला शब्दयोगी अव्यय म्हणायला शिकवतात, आणि ‘टेबलाखाली’, ‘घरासमोर’, ‘नदीपलीकडे’ इथे ते जुळतंही. पण इंग्रजी प्रिपोझिशनची निम्मी कामं मराठीत विभक्तीचे प्रत्यय करतात. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ हे आपण चाल लावून पाठ केलेलं असतं. तो ‘ला’, ‘ने’ आणि ‘शी’, तो ‘ऊन-हून’, तो ‘त’ ही सगळी कामं इंग्रजीत प्रिपोझिशनकडे आहेत.

शिवाय मराठीत हे सगळं नामाच्या मागून येतं आणि त्याला चिकटतं. इंग्रजीत ते नामाच्या आधी, सुटं उभं राहतं. चिकटलेलं असल्यामुळे मराठी बोलताना ते वेगळं जाणवतच नाही. म्हणून इंग्रजी लिहिताना आपण ते विसरतो तरी, नाहीतर नको तिथे घालतो तरी.

मराठीत अर्थ लावून प्रिपोझिशन निवडलं तर का चुकतं?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

निफाड तालुक्यातली एक मुलगी होती. द्राक्षाच्या हंगामात सकाळी बागेत काम करून दुपारच्या बसने क्लासला यायची. हुशार होती, पण सराव पेपरमध्ये प्रिपोझिशनचे सहापैकी दोन बरोबर यायचे. एकदा तिने वही पुढे करून विचारलं, “सर, ‘ला’ म्हणजे ‘टू’ ना?” मी म्हटलं, “अगं, मग ‘मी नाशिकला राहते’ हे कसं लिहिशील?” ती थांबली. त्या दिवशी आम्ही दोघांनी वहीचं एक पान मधोमध रेघ मारून भरलं. डावीकडे ‘ला’ची मराठी वाक्यं, उजवीकडे इंग्रजी.

नाशिकला राहते: ‘आय लिव्ह इन नाशिक.’
नाशिकला जाते: ‘आय गो टू नाशिक.’
गाडी मुंबईला निघाली: ‘द ट्रेन लेफ्ट फॉर मुंबई.’
पंधरा तारखेला परीक्षा आहे: ‘द एक्झाम इज ऑन द फिफ्टीन्थ.’
सगळे त्याला हसले: ‘एव्हरीवन लाफ्ड अ‍ॅट हिम.’
ती कुत्र्याला घाबरते: ‘शी इज अफ्रेड ऑफ डॉग्ज.’
आईला सांगितलं: ‘आय टोल्ड माय मदर.’ इथे काहीच नाही.

एकाच ‘ला’साठी इन, टू, फॉर, ऑन, अ‍ॅट, ऑफ, आणि शेवटी रिकामी जागा. मराठीतला ‘ला’ फक्त एवढंच सांगतो की या नामाचा क्रियापदाशी संबंध आहे. तो संबंध कोणत्या शब्दाने जोडायचा हे इंग्रजीत ते क्रियापद किंवा विशेषण ठरवतं. ‘लाफ’ने ‘अ‍ॅट’ निवडलेला आहे, ‘अफ्रेड’ने ‘ऑफ’ निवडलेला आहे. तिथे आपल्या मराठीचं मत कुणी विचारत नाही. म्हणून रिकामी जागा आली की मराठी अर्थ लावत बसू नका. रिकाम्या जागेच्या अलीकडचा शब्द बघा आणि त्याचा जोडीदार कोण ते आठवा.

त्या मुलीने पुढे ‘ने’चं, ‘वर’चं, ‘शी’चं अशी पानं केली. ‘शी’च्या पानावरची पहिली ओळ होती ‘तिचं लग्न डॉक्टरशी झालं.’ उजवीकडे आधी ‘मॅरीड विथ’ लिहिलेलं, ते खोडून वर लाल पेनने ‘टू’ केलेलं. ‘शी इज मॅरीड टू अ डॉक्टर.’ ती खोडलेली ओळ मी अजून नव्या बॅचला फळ्यावर काढून दाखवतो.

जागेसाठी अ‍ॅट, ऑन, इन कसे ओळखायचे?

पुस्तकात चौकोन आणि ठिपक्यांच्या आकृत्या असतात. मी गावाचा नकाशा घेतो.

गाव, जिल्हा, भाग म्हणजे ज्याच्या पोटात आपण आहोत ते ‘इन’: ‘रामकुंड इज इन पंचवटी.’ रस्ता, नदीकाठ, मजला म्हणजे ज्याला लागून किंवा ज्याच्यावर आहोत ते ‘ऑन’: ‘द शॉप इज ऑन कॉलेज रोड.’ ‘नाशिक स्टँड्स ऑन द गोदावरी.’ नदीकाठच्या गावाला ‘ऑन’ लागतो, हे विसरलं जातं. भेटायचा ठिपका, थांबा, चौक असेल तर ‘अ‍ॅट’: ‘आय विल मीट यू अ‍ॅट द्वारका’ (आपला नाशिकचा द्वारका चौक). घरक्रमांक आला की पुन्हा ‘अ‍ॅट’, कारण तोही ठिपकाच.

गंमत अशी की जागा एकच असली तरी बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर शब्द बदलतो. ‘ही इज अ‍ॅट द स्टेशन’ म्हणजे स्टेशन हा त्याचा सध्याचा ठिकाणा. ‘देअर इज अ बुक स्टॉल इन द स्टेशन’ म्हणजे इमारतीच्या आत. परीक्षेत दोन्ही पर्याय दिसले तर वाक्य आतल्या जागेबद्दल बोलतंय का ते बघा.

वाहनांचा नियम सोपा आहे. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला ‘ऑन’: ऑन द बस, ऑन द ट्रेन. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्याला ‘इन’: इन अ कार, इन अ रिक्षा. प्रवासाचं साधन नुसतं सांगायचं तर ‘बाय बस’, मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ नाही. पायी मात्र ‘ऑन फूट’.

दिशांचा एक प्रश्न अधूनमधून येतो. आत असेल तर ‘इन द’, बाहेर असेल तर ‘टू द’. ‘नाशिक इज इन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र.’ ‘मध्य प्रदेश लाइज टू द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र.’

‘गो टू होम’ चूक का? आपण ‘गो टू स्कूल’ म्हणतोच की.

कारण ‘होम’ इथे नाम म्हणून आलेलंच नाही, ते क्रियाविशेषण आहे. मराठीतही बघा. आपण शाळेला जातो, बाजाराला जातो, पण ‘घरी’ जातो. ‘घराला जातो’ कुणी म्हणत नाही. ‘घरी’ या रूपात ठिकाण आधीच भरलेलं आहे, ‘होम’मध्येही तसंच. ‘हिअर’, ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘अपस्टेअर्स’ हे सगळे याच घरातले. ‘ही वेंट अब्रॉड’, ‘कम हिअर’. यांच्या आधी ‘टू’ दिसला की तो भाग चुकीचा.

तारीख, वार, महिना, वेळ?

घड्याळाची वेळ ‘अ‍ॅट’, वार आणि तारीख ‘ऑन’, महिना, वर्ष, ऋतू ‘इन’. दादासाहेब फाळक्यांवरून लक्षात ठेवा: ‘फाळके वॉज बॉर्न अ‍ॅट त्र्यंबक इन 1870.’ पूर्ण तारीख आली की ‘ऑन 30 एप्रिल 1870’. वर्ष तेच आहे, पण दिवस पुढे आल्याबरोबर ‘इन’ गेला.

असंच ‘इन द मॉर्निंग’ बरोबर, पण विशिष्ट दिवसाची सकाळ असेल तर ‘ऑन मंडे मॉर्निंग’. रात्र आणि दुपारचे बारा ‘अ‍ॅट’: अ‍ॅट नाइट, अ‍ॅट नून. ‘लास्ट’, ‘नेक्स्ट’, ‘धिस’, ‘एव्हरी’ यांच्या आधी काही नाही: ‘ही केम लास्ट संडे.’

एक चूक मात्र वर्तमानपत्रांत आणि क्लासच्या फलकांवरसुद्धा दिसते. मराठीत आपण म्हणतो ‘वर्ग सोमवारपासून सुरू’, आणि लिहितो ‘क्लासेस बिगिन फ्रॉम मंडे’. सुरुवात एका क्षणी होते, म्हणून ‘बिगिन ऑन मंडे’. काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला, तरी ‘बिगॅन ऑन 2 मार्च’. एरर स्पॉटिंगमध्ये, म्हणजे वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांत, हा ‘फ्रॉम’ हमखास लपवून ठेवलेला असतो.

सिन्स आणि फॉर: नियम माहीत आहे, तरी चूक होते.

होते, कारण मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ बसतो. ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2015 पासून’. पहिल्यात लांबी मोजली, तिथे ‘फॉर’. दुसऱ्यात सुरुवातीचा ठिपका दाखवला, तिथे ‘सिन्स’. मुलांना हे येतं. ते अडकतात क्रियापदाशी. ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नाशिक सिन्स टेन इयर्स’ या वाक्यात ‘सिन्स’च्या जागी ‘फॉर’ केला तरी ते चूकच राहतं. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवं. म्हणजे ‘सिन्स’ दिसला की आधी मागे जाऊन क्रियापद तपासा. ‘द ओपन युनिव्हर्सिटी हॅज बीन इन नाशिक सिन्स 1989’ हे वाक्य मी नमुना म्हणून देतो, कारण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झालं आणि आजही इथेच आहे. सुरुवात भूतकाळात, गोष्ट आजही चालू, म्हणून ‘हॅज बीन’.

आणि ‘सार्वजनिक वाचनालय वॉज फाउंडेड सिन्स 1840’? चूक. नाशिकच्या या वाचनालयाची स्थापना एकदाच झाली, ‘इन 1840’.

बाय आणि टिल यांत फरक काय? दोन्हीचा अर्थ ‘पर्यंत’च आहे.

म्हणूनच हा प्रश्न काढतात. माझ्याकडे एक मराठी कसोटी आहे आणि ती आजवर फसलेली नाही. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ ठेवून बघा.

‘शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा.’ ‘शुक्रवारच्या आत फॉर्म भरा’ चाललं? चाललं. मग ‘बाय’: ‘सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.’

‘ऑफिस शुक्रवारपर्यंत बंद आहे.’ ‘शुक्रवारच्या आत बंद आहे’? नाही बसत. मग ‘टिल’ किंवा ‘अनटिल’: ‘द ऑफिस इज क्लोज्ड टिल फ्रायडे.’

एकदाच होऊन संपणारं काम ‘बाय’ घेतं, चालत राहणारी स्थिती ‘टिल’ घेते.

विथ आणि बाय?

पुन्हा ‘ने’मुळे गोंधळ. ‘मुलाने दोर कापला’ आणि ‘चाकूने दोर कापला’. करणारा ‘बाय’, हातातलं साधन ‘विथ’. ‘द रोप वॉज कट बाय द बॉय विथ अ नाइफ.’ एवढं एक वाक्य पाठ असलं की पुरे.

कुठे प्रिपोझिशन लागतच नाही?

इथे गुण सर्वांत जास्त जातात, आणि याच भागाचा अभ्यास कुणी करत नाही. सगळे कोणतं लागतं तेवढंच पाठ करतात.

‘त्या विषयाबद्दल चर्चा केली.’ मराठीत ‘बद्दल’ हवाच, म्हणून हात आपोआप ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहितो. पण ‘डिस्कस’च्या पोटात ‘अबाउट’ आधीच आहे. ‘वी डिस्कस्ड द मॅटर.’ असेच ‘रीच’, ‘एंटर’, ‘आन्सर’, ‘रिझेम्बल’, ‘ओबे’, ‘अटेंड’, ‘अप्रोच’, ‘मॅरी’, ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘अटॅक’, ‘एम्फसाइझ’, ‘लॅक’, ‘कम्प्राइझ’. ‘वी रीच्ड नाशिक’, पण ‘वी अराइव्ह्ड इन नाशिक’, आणि छोट्या ठिपक्याला ‘अराइव्ह्ड अ‍ॅट द स्टेशन’.

आता खरी मेख. हेच शब्द नाम म्हणून आले की प्रिपोझिशन परत येतं. क्रियापद ‘डिस्कस द मॅटर’, नाम ‘अ डिस्कशन ऑन द मॅटर’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘अ‍ॅन आन्सर टू द क्वेश्चन’. ‘अटॅक द फोर्ट’, पण ‘अ‍ॅन अटॅक ऑन द फोर्ट’. ‘डिमांड जस्टिस’, पण ‘अ डिमांड फॉर जस्टिस’. ‘ही लॅक्स करेज’, पण ‘अ लॅक ऑफ करेज’. ‘शी रिझेम्बल्स हर मदर’, पण ‘अ रिझेम्ब्लन्स टू हर मदर’.

पेपर काढणारा नेमकं हे करतो. ‘लॅक ऑफ’ तुमच्या कानाला ओळखीचं असतं, म्हणून तो ‘ही लॅक्स ऑफ करेज’ असं वाक्य देतो आणि ते खटकत नाही. अशा शब्दापाशी आलात की एकच विचारा: इथे हा शब्द काम करतोय की नाव आहे? आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर बहुतेक नाव आहे, प्रिपोझिशन घ्या. कर्त्याच्या पाठोपाठ आला असेल तर क्रियापद आहे, घेऊ नका.

याच्या शेजारी आणखी दोन नेहमीचे सापळे. ‘कोप अप विथ’ असं काही नाही, ‘कोप विथ’. आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ जास्तीचा.

‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग’ की ‘टू मीट’?

‘टू मीटिंग’. इंग्रजीत दोन ‘टू’ आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो, ‘आय वाँट टू मीट यू.’ दुसरा खरा प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद आलंच तर ‘आयएनजी’ लावून येतं. कोणता ‘टू’ आहे हे कळायला पुढे साधं नाम ठेवून बघा. ‘आय लुक फॉरवर्ड टू द होलिडेज’ चालतं, म्हणून तो प्रिपोझिशन. ‘आय वाँट टू द होलिडेज’ चालत नाही.

या गटातले परीक्षेचे लाडके: ‘बी यूज्ड टू’, ‘अ‍ॅकस्टम्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘अ‍ॅडिक्टेड टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठायचो. मधला ‘अ‍ॅम’ बघितला तर गोंधळ होत नाही.

सिनियर, ज्युनिअर, प्रिफर यांच्यापुढे ‘दॅन’ का नाही?

हे लॅटिनमधून आलेले शब्द आहेत आणि तुलना असूनही ‘टू’ घेतात: सिनियर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर, प्रेफरेबल, प्रिफर. ‘आय प्रिफर टी टू कॉफी.’ आधी ‘मोअर’ही लावायचं नाही. आणखी काही सांगण्यासारखं नाही.

विशेषणांबरोबरच्या जोड्या शेकडो आहेत. पाठ कशा करायच्या?

यादी ओळीने पाठ केली तर चौथ्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळतं. मी मुलांना तीन ढीग करायला सांगतो.

पहिला ढीग मराठीशी जुळणाऱ्यांचा. ‘इंटरेस्टेड इन’ म्हणजे त्यात रस. ‘डिपेन्ड ऑन’ म्हणजे त्याच्यावर अवलंबून. ‘प्राउड ऑफ’ म्हणजे त्याचा अभिमान. हे फुकटचे गुण आहेत, वेळ घालवू नका.

दुसरा ढीग मराठी जिथे चुकीकडे ओढते त्यांचा. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘ऑन’ नाही, ‘अँग्री विथ मी’. ‘इंग्रजीत हुशार’ म्हणून ‘इन’ नाही, ‘गुड अ‍ॅट इंग्लिश’. ‘देवावर विश्वास’, तरी ‘बिलीव्ह इन गॉड’. ‘त्याच्यावर जळतो’, पण ‘जेलस ऑफ हिम’. ‘यशाबद्दल अभिनंदन’, पण ‘काँग्रॅच्युलेट ऑन’. ‘तापाने आजारी’, पण ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’. सगळा वेळ या ढिगाला द्या.

तिसरा ढीग छोटा आहे, पण वरच्या पातळीच्या परीक्षेत तोच भाव खातो. इथे एकाच कुळातले दोन शब्द वेगळी प्रिपोझिशन घेतात. ‘डिपेंडंट ऑन’, पण ‘इंडिपेंडंट ऑफ’. ‘फॉन्ड ऑफ’, पण ‘फॉन्डनेस फॉर’. ‘कॉन्फिडंट ऑफ सक्सेस’, पण ‘कॉन्फिडन्स इन हिम’. ‘अ‍ॅक्यूज्ड ऑफ थेफ्ट’, पण ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. हे दोन-दोन करून, समोरासमोर लिहून शिका.

आणि प्रत्येक जोडी स्वतःच्या वाक्यात लिहा. ‘फॉन्ड ऑफ’ नुसतं राहत नाही. ‘माय ग्रँडमदर इज फॉन्ड ऑफ ग्रेप्स’ राहतं, कारण आजी डोळ्यांसमोर येते.

बिटवीन-अमंग, बिसाइड-बिसाइड्स, इन टाइम-ऑन टाइम?

दोघांत ‘बिटवीन’, अनेकांत ‘अमंग’. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय. ‘ऑन टाइम’ ठरल्या वेळेला, ‘इन टाइम’ वेळ संपण्याआधी. आणि ‘बिटवीन यू अँड आय’ नाही, ‘बिटवीन यू अँड मी’, कारण प्रिपोझिशननंतर सर्वनामाचं कर्माचं रूप येतं.

वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन आलं तर चूक धरतात का?

नाही. ‘व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?’ हे शुद्ध इंग्रजी आहे. उलट शेवटचं प्रिपोझिशन गाळलं तर चूक धरतात. आपण म्हणतो ‘बसायला खुर्ची दे’, ‘लिहायला पेन दे’. मराठीत तिथे काही उरत नाही, म्हणून इंग्रजीतही ‘गिव्ह मी अ पेन टू राइट’ लिहून मोकळे होतो. पण पेनाने लिहितात, खुर्चीवर बसतात, घरात राहतात. म्हणून ‘अ पेन टू राइट विथ’, ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ हाउस टू लिव्ह इन’. कागद असेल तर ‘पेपर टू राइट ऑन’. वाक्य सरळ करून बघा, ‘राइट विथ अ पेन’. जे प्रिपोझिशन सापडेल ते शेवटी ठेवा.

पॅसिव्ह करतानाही हेच. ‘दे लाफ्ड अ‍ॅट हिम’चं ‘ही वॉज लाफ्ड अ‍ॅट बाय देम’. ‘अ‍ॅट’ आणि ‘बाय’ शेजारी-शेजारी आले की मुलं घाबरून एक काढून टाकतात. काढू नका. आणि प्रत्येक पॅसिव्हला ‘बाय’ लागतो असंही नाही: ‘नोन टू’, ‘फिल्ड विथ’, ‘कंटेन्ड इन’. बारावीच्या मुलांनी हे विशेष बघावं.

पेपरमध्ये एरर स्पॉटिंग करताना प्रिपोझिशनची चूक पटकन कशी शोधायची?

वेळेचं भान आधी. बँक क्लर्कच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीला 20 मिनिटांत 30 प्रश्न असतात, म्हणजे एकाला 40 सेकंद. चुकलं तर पाव गुण जातो. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. एकेका वाक्यावर विचार करत बसायला वेळ नसतो.

माझा क्रम असा. पहिल्यांदा कर्ता आणि क्रियापद जुळतात का. मग काळ. तिथे सगळं ठीक असेल तरच प्रिपोझिशन, आणि तेही प्रत्येक प्रिपोझिशनच्या अलीकडच्या शब्दाशी लावून: ‘कॉन्फिडंट... ऑफ, बरोबर’, ‘डिस्कस्ड... अबाउट, सापडली’. शेवटी जिथे प्रिपोझिशन नाही त्या जागा बघा: ‘वेट’नंतर ‘फॉर’ आहे का, ‘लिसन’नंतर ‘टू’ आहे का. गाळलेली चूक डोळ्याला दिसत नाही, ती मुद्दाम शोधावी लागते.

गाइडमधलं उत्तर आणि वर्गातलं उत्तर वेगळं येतं. कुणाचं धरायचं?

हे मला मनापासून सांगायचं आहे. एका सराव संचात ‘डिस्कस अबाउट’ बरोबर म्हणून छापलेलं होतं. माझ्याकडे येण्याआधी एका मुलाने तो संच दोनदा सोडवला होता आणि ते उत्तर त्याच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की ते काढायला आम्हाला महिना लागला. मुलं गावाकडून पैसे जमवून पुस्तकं घेतात. त्यात छापलेली चूक मुलाच्या भाकरीवर येते. म्हणून शंका आली की चांगल्या शब्दकोशात मूळ शब्द काढा. तिथे उदाहरणाच्या वाक्यात त्याचं प्रिपोझिशन दिलेलं असतं. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश मोबाइलवर फुकट बघता येतात.

कधी दोन्ही उत्तरं खरी असतात. ब्रिटिश लोक ‘अ‍ॅट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकेंड’. ‘डिफरंट’नंतर ‘फ्रॉम’, ‘टू’, ‘दॅन’ तिन्ही वापरात आहेत. आपल्या परीक्षांत ‘डिफरंट फ्रॉम’ धरा. आणि आयोगाने प्रसिद्ध केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका, अंतिम उत्तरतालिकेसह, कोणत्याही गाइडच्या आधी सोडवा.

मी मराठी माध्यमाचा आहे. इंग्रजी माध्यमाची मुलं हे कानावर करतात. मला जमेल का?

जमेल, आणि अनेकदा त्यांच्याहून नीट जमतं. इंग्रजी माध्यमातली मुलंही घरी मराठीच बोलतात, ‘मॅरीड विथ’ आणि ‘डिस्कस अबाउट’ तीही बिनधास्त म्हणतात. त्यांना ते खटकत नाही, कारण रोज कानावर तेच पडतं. तुम्हाला विभक्ती पाठ आहे, प्रत्यय म्हणजे काय ते कळतं. कोणता प्रत्यय कुठे फसवतो हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता. ती निफाडची मुलगी पूर्ण मराठी माध्यमाची होती. तिसऱ्या महिन्यात सहापैकी सहा यायला लागले.

परीक्षेला महिनाच राहिला आहे. रोज काय करू?

नवीन यादी घेऊ नका. आजवर सोडवलेल्या पेपरमधल्या स्वतःच्या चुका एका वहीत उतरवा, मधोमध रेघ मारून. डावीकडे ज्या मराठी शब्दाने फसवलं तो, उजवीकडे इंग्रजीचं पूर्ण वाक्य. साधारण साठ-सत्तर ओळी होतील. रोज वीस ओळी मोठ्याने वाचा, बसमध्ये असाल तर ओठांतल्या ओठांत. संध्याकाळी उजवी बाजू हाताने झाकून डावीकडून म्हणा. जी ओळ सलग तीन दिवस न अडखळता आली तिच्यावर बारीक रेघ मारा. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त रेघ न मारलेल्या ओळी वाचा आणि वही मिटून झोपा.